चारशे सतरा

गुरुवारच्या लिलावात
भुसा टाकलेल्या रिंगणात माझे बारा गोऱ्हे आले,
नऊ काळे, तीन तांबडे.
एकाच कुरणावर वाढलेले, एकाच मार्चमध्ये जन्मलेले,
वजनात पाच-दहा पौंडांचा फरक.
काळ्यांवर बोली चढत गेली. तांबडे आले
तसा डेल ऑस्टरमन टोपी पुढे ओढून
सूर्यफुलाचं बी चघळत बसला.
शंभर पौंडांमागे अकरा डॉलर कमी.
"रंग, इर्मा," एवढंच म्हणाला नंतर, ट्रकपाशी,
वारा आज उत्तरेचा आहे म्हणावं तसं.

मी काही बोलले नाही. कुठल्या तोंडाने बोलणार?

एमिल गेला त्या वर्षी
बँकेचा माणूस म्हणाला, कळप काळा करा.
मी काळा वळू आणला,
पॉलिश केलेल्या बुटासारखा चकाकता.
त्याचे खूर मी पाहिले नाहीत.
खोटं कशाला बोलू, पाहिले,
आणि स्वतःला म्हटलं, चालेल.
नेब्रास्काच्या या वाळूच्या टेकड्यांत
चालेल म्हणून चालत नाही, चालावं लागतं.
टाकीपासून गवतापर्यंत दोन मैल, आणि परत.
त्याच्या लेकींचे खूर तिसऱ्याच वर्षी
कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर चढले.
एकीने फाटक मोडलं, दुसरीने माझी बरगडी.
तिसरीची सडं बाटलीएवढी,
वासराच्या तोंडात मावेनात,
आणि उणे वीसमध्ये मी गुडघ्यांवर,
हाताने चीक पिळत
त्या चकाकीला शिव्या घालत.

आणि ही. कानात बिल्ला, चारशे सतरा.
विटकरी. त्यातही तोंडावर पांढरे शिंतोडे,
रंगाऱ्याने जाता जाता ब्रश झटकावा तसे.
वय चौदा, वेतं बारा, भाकड एकदाही नाही.
कास अजून पोटाशी घट्ट.
परवाच्या हिमवादळात बाकीच्या
कुंपणाला चिकटून हंबरत राहिल्या,
ही टेकडीच्या आडोशाला जाऊन एकटी व्यायली.
मी ट्रॅक्टर घेऊन पोहोचले तोवर
वासरू चाटून, उठवून, पाजून मोकळी.
माझ्याकडे पाहिलं तेही
जेवणं आटोपल्यावर आलेल्या पाहुण्याकडे पाहावं तसं.

एमिलच्या वहीत रकाने होते:
खूर, कास, स्वभाव, वेत.
रंगाला रकानाच नाही. एकदा विचारलं, तर म्हणाला,
रात्री दोनला अडलेल्या गायीत खांद्यापर्यंत हात घालतो ना,
तेव्हा हाताला रंग लागत नाही.

उन्हाळ्यात डेलचा फोन.
तुझ्या त्या नऊ काळ्यांतले तीन
कत्तलखान्यात सगळ्यांच्या वर गेले.
असं मांस, असे चरबीचे धागे
त्याने वर्षभरात पाहिले नव्हते.
वळू कोणता होता, सांग.
बिल्ल्यांचे नंबर वाचून दाखवले त्याने.
तिघेही चारशे सतराच्या लेकींचे.
वळूने दिला तो रंग,
आणि तिथे तर आत गेल्यावर
पहिलं कातडंच उतरवतात.
डेलने पैसे मोजले कातड्याचे
आणि म्हातारी नेली फुकटात.
खिडकीतून दिसत होती ती,
पाणी पिऊन नाक झटकणारी.
मी म्हटलं, वळूचं नाव आठवत नाही, डेल.

या वसंतात वळूंच्या विक्रीला गेले
तर यादीतल्या फोटोंवर अंगठा ठेवून
नुसते आकडे वाचले.
मग त्यांना चालवायला लावलं.
खडीवर, उतारावर, पुन्हा एकदा.
विकणारा पोरगा कंटाळला.
एकाची पावलं सरळ पडत होती, मागचं पुढच्याच ठशात,
आणि मी जवळ गेले तर तो रवंथ करतच राहिला.
अंगठा काढला. तांबडा.
निघाला तर निघाला.

शंभर पौंडांमागे अकरा डॉलर
अजूनही कमीच मिळतील, हे मला पाठ आहे.
बँकेच्या माणसाला मी अजून
काही कळवलेलं नाही.